तुडुमावरची लाल रेषा

नाकाडोंगरीकडच्या एका खेड्यात आम्ही रस्त्याखालून पाण्याचा पाईप टाकला आणि दुसऱ्या दिवशी तिथले सरपंच कार्यालयात हजर झाले. हातात मंजुरीचा कागद होता.

"कागदावर सहाशेचा पाईप हाये. तुमी टाकला साठचा. मधातले पाचशे चाळीस कोनी खाल्ले?"

साहेब दौऱ्यावर होते, म्हणून ही तोफ माझ्यावर, मिस्त्रीवर आली. मी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि खिशातली टेप काढून त्यांच्या हाताच्या तळव्यावर धरली. "हे पाहा जी. हे बारीक दात मिलिमीटरचे. असे दहा झाले की एक सेंटीमीटर. सहाशे मिलिमीटर अन् साठ सेंटीमीटर एकच." सरपंचांनी टेप उलटी केली, सुलटी केली, स्वतः दहा दात मोजले. मग म्हणाले, "तं मंग साठच लिवाचं. सहाशे लिवून आमचा जीव कायले वरखाली करता?"

लोकांना वाटतं, तलाव-कालव्यांच्या कामावरचा मिस्त्री म्हणजे विटा-सिमेंटचा माणूस. माझी निम्मी नोकरी रंगाच्या डब्यात ब्रश बुडवण्यात गेली. तलावाच्या भिंतीवर पांढऱ्या पट्टीत काळे आकडे असतात, ते तुम्ही पाहिले असतील. पाणी किती आहे ते काठावरून कळावं म्हणून ती पट्टी असते. आम्ही तिला गेज म्हणतो. मोठा आकडा मीटरचा, मीटरचे दहा भाग, आणि प्रत्येक भागात सेंटीमीटरच्या खुणा. पत्र्याचा साचा भिंतीला लावायचा, ब्रश फिरवायचा, साचा एक मीटर वर सरकवायचा. साचा नीट असेल तर भिंत चुकत नाही. साकोली तालुक्यातल्या कित्येक तलावांवर माझ्या हातची गेजं होती आणि एकाबद्दलही कधी तक्रार आली नाही. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवणार नाही.

लांबीचं मेट्रिक माप तसं सोपं. सगळा कारभार दहाचा. मिलिमीटरचे सेंटीमीटर करायचे तर टिंब एक घर डावीकडे न्या. सेंटीमीटरचे मीटर करायचे तर दोन घरं. मीटरचे किलोमीटर करायचे तर तीन. शाळेतल्या पोरांना हे येतं. अडचण होते ती आमच्यासारख्या गवंडीकामातून आलेल्यांची. मी वडिलांच्या हाताखाली काम शिकलो. आमच्यात दाराच्या मापापुढे ६.९ असं लिहिलं की ते सहा फूट नऊ इंच. टिंबाच्या अलीकडे मोठं माप, पलीकडे लहान. ६.९ च्या पुढे ६.१०, मग ६.११, मग सात. गवंड्याला यात काही चूक वाटत नाही, आणि त्याने बांधलेलं घर सरळच उभं राहतं.

सरकारी नोकरीत आल्यावर माझ्या हातातून फूट गेला आणि मीटर आला. टिंब मात्र डोक्यात जुनंच राहिलं. पहिली काही वर्षं तरी राहिलं. त्या वर्षांतली एक गोष्ट मी आजवर अनेकदा सांगितली आहे, आणि दर वेळी चुकीची सांगितली आहे. ती इथे दुरुस्त करतो.

सानगडीच्या पुढे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. गावाला मोठा जुना तलाव. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पोटात तुडूम, म्हणजे तलावातलं पाणी पाटात सोडायची झडप. वरचं काढता येणारं हँडल फिरवलं की झडप उघडते. पाटाखाली कुणब्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि तलावात ढिवरांची मासेमारी. पाणी एकच आणि धनी दोन. उशिरा निघणाऱ्या भारी धानाला कार्तिकात शेवटचं पाणी हवं असतं, आणि नेमकं तेच पाणी तलावात राहिलं तर मासोळी उन्हाळा काढते.

दरवर्षीची भांडणं मिटवायला आमच्या तेव्हाच्या साहेबांनी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना पाळीवर बसवलं आणि करार घडवला. तुडुमाच्या तळदगडापासून ठरावीक उंचीवर लाल रेषा मारायची. पाणी रेषेपर्यंत उतरलं की तुडूम बंद. रेषेच्या वरचं पाणी धानाचं, खालचं मासोळीचं. कुणब्यांच्या वतीने गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याने शब्द दिला, नारळ फुटला. तुडुमाचं हँडल सांभाळायला दोघांनी मिळून सुकरामला नेमलं. सुकराम ढिवर. माझ्याच वयाचा, गावातला सगळ्यात उंच माणूस, आणि कुणब्यांनाही त्याचा भरवसा होता.

या बैठकीला मी नव्हतो. दुसऱ्या दिवशी सायकलला रंगाचा डबा लटकवून गेलो. उन्हाळा होता, तुडुमाची भिंत तळापर्यंत कोरडी होती. भिंतीवर साहेबांनी खडूने लिहून ठेवलं होतं: १.५ मी. मी तळदगडावर टेप टेकवली, एक मीटर मोजला, वर पाच सेंटीमीटर घेतले, आणि सुतासारखी सरळ लाल रेषा मारली.

सुकराम शेजारी उभा होता. तो रेषेकडे पाहत राहिला. रेषा त्याच्या बेंबीला लागत होती.

"मिस्त्री, रेषा खाली गेली वाट्टे. साहेबानं काल मले इथंच उभं केलं होतं. हात ठेवला तो इथं." आणि त्याने आपल्या गळ्याला हात लावला.

मी म्हणालो, "हे मीटर आहे, सुकराम. तुझी मान नाही."

मला हे वाक्य फार आवडलं होतं. पुढे कित्येक वर्षं मी ते मित्रांना सांगून हसवत असे.

त्याच कार्तिकात भांडण पेटलं. पाणी सुकरामच्या गळ्याइतकं उतरलं आणि त्याने तुडूम बंद केलं. लाल रेषा अजून पाण्याखाली होती. कुणबी धावून आले. त्यांचं धान पोटरीत, कणीस बाहेर यायच्या बेतात होतं आणि डोळ्यांसमोर त्यांच्या वाट्याचं पाणी अडवलं जात होतं. रेषेवर अजून किती पाणी आहे ते सुकरामनेच काठी घालून दाखवलं. एक हात.

"एवढं एक हात मासोळीचं हाये," तो म्हणाला. "साहेबानं तसंच सांगतलं होतं."

"रेषा काय म्हंते?" कुणब्यांनी विचारलं.

साहेबांची बदली झाली होती, म्हणून मला बोलावणं आलं. मी पाण्यात उतरलो, टेप तळदगडाला लावली आणि सगळ्यांना दाखवलं. एक मीटर पाच सेंटीमीटर, केसाचाही फरक नाही. माझी चूक मी माझ्याच टेपने बरोबर ठरवली. मग पाळीवर येऊन सगळ्यांसमोर सुकरामला म्हणालो, "रेषेशी बेइमानी करू नको." त्याच्या हातातलं हँडल मीच काढून कुणब्यांना दिलं. त्याची बायको मागे उभी होती, ती म्हणाली, "द्या, द्या. तलाव बी देऊन टाका."

उन्हाळ्यात तलाव आटला. चिखलात मासोळ्या मेल्या, गावभर वास सुटला. दुसऱ्या वर्षी तेच झालं, तिसऱ्या वर्षीही. ढिवरांची घरं एकेक करून गाव सोडून गेली. सुकराम बायकोच्या गावी वैनगंगेवर जाळं टाकायला गेला. त्याचा मुलगा वरठीला कामाला लागला. गावात मागे एवढंच राहिलं की सुकरामने चोरून पाणी अडवलं आणि मिस्त्रीने पकडलं. मी आलो की लोक मला ओट्यावर बसवून चहा देत.

टिंबाचा खरा अर्थ मला पुढे नोकरीतच कळला. गेजं रंगवू लागलो, साचा हातात आला, आणि १.५ म्हणजे दीड हे अंगवळणी पडलं. ही नवी विद्या मी त्या जुन्या रेषेला कधी लावून पाहिली नाही. जी गोष्ट मी जिंकून बसलो होतो ती पुन्हा कशाला मोजायची?

निवृत्तीनंतर साकोलीला घर बांधलं. कुंपणाला लोखंडी फाटक हवं होतं. गावातल्या जुन्या वेल्डिंगवाल्याला चिठ्ठीवर लिहून दिलं: रुंदी १.५ मी. तो फाटक घेऊन आला, लावायला गेला, आणि फाटकाशेजारी हातभर मोकळी जागा राहिली. माझी बायको हसत सुटली.

"चोराले बेल वाजवाची गरज नाही," ती म्हणाली. "शेळी बी येईन, म्हैस बी येईन."

मी वेल्डिंगवाल्यावर तापलो. तो शांतपणे विडी विझवत म्हणाला, "काका, तुमी एक टिंब पाच लिवलं. एक मीटर, वर पाच सेंटीमीटर. मी तेच केलं. आमी फुटाचे मानसं. टिंबाच्या पुढं जे लिवते ते लहान माप."

"अरे, एक मीटर पाच सेंटीमीटर म्हणजे एकशे पाच सेंटीमीटर. ते मीटरमध्ये लिहायचं तर १.०५. टिंबाच्या पुढे शून्य लागतं. १.५ म्हणजे दीडशे सेंटीमीटर. इतकं साधं..."

तिथेच माझं बोलणं थांबलं. कुंपणाच्या त्या मोकळ्या जागेकडे मी पाहत राहिलो. दीडशेतून एकशे पाच गेले, पंचेचाळीस राहिले. पंचेचाळीस सेंटीमीटर म्हणजे आपला एक हात.

बायको विचारत होती, "काहून जी, बसून काहून गेले?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने हसणं थांबवलं आणि म्हणाली, "तो मानूस जिता हाये न अजून? मंग इथं कायले बसले?"

सुकराम गावी परतला होता. मुलाने पाठवलेल्या सिमेंटच्या पोत्यांतून एक खोली बांधली होती, तिच्या सावलीत तो जाळं विणत बसला होता. पाठ वाकली होती. मी समोर बसून सांगितलं: खडूने काय लिहिलं होतं, मी काय वाचलं, तू बरोबर होतास. त्याने विणणं थांबवलं नाही.

"म्हंजे तू धानवाल्यायकडून नव्हता?"

"नाही."

"तुले येतच नव्हतं?"

"नाही."

आता तो हसला. "मी इतके वर्सं तुले लबाड समजून राहिलो. बेइमान मिस्त्रीपेक्षा अडानी मिस्त्री बरा." मग हातातली सुई खाली ठेवली. "पन माह्यापाशी सांगून काय फायदा? ज्यायच्यासमोर मले बेइमान म्हटलं, त्यायच्यासमोर सांग."

वेळही तीच आली होती. त्या उन्हाळ्यात तलावातला गाळ काढला होता. तुडुमाची भिंत नव्याने बांधून झाली होती आणि जुनी रेषा तिच्याबरोबर गेली होती. नवी रेषा कुठे मारायची ते ठरवायला पाळीवर गावाची बैठक होती. रेषा जुन्याच उंचीवर पडली असती, तर आणखी एक पिढी ढिवरांना तलाव आटताना पाहावा लागला असता. मी न बोलावता गेलो. सुकराम आला, पण लांब, आंब्याखाली बसला.

सरपंचबाईंनी मला पहिली खुर्ची दिली. जुन्या रेषेचे मिस्त्री म्हणून ओळख करून दिली. मी उभा राहिलो आणि बोललो. खुर्चीच्या पायाशी जमीन सपाट करून काडीने १.५ लिहिलं, शेजारी १.०५ लिहिलं. पहिलं साहेबांनी लिहिलं होतं, दुसरं मी रंगवलं. पहिल्याचे सेंटीमीटर दीडशे, दुसऱ्याचे एकशे पाच. मधलं एक हात पाणी सुकराम मागत होता, ते त्याचंच होतं. त्याला बेइमान म्हणणारा मी होतो, आणि रेषेशी बेइमानी माझ्या हातून झाली होती.

मग हरिभाऊ उठले. ज्या शेतकऱ्याने करारात शब्द दिला होता, त्यांचा हा मुलगा. आता तेही सत्तरीला आलेले, पाटाच्या शेवटी सगळ्यात जास्त बांध्या त्यांच्याच.

"मिस्त्रीजी, तुमी रिकामे झाले, म्हून आता आमचं एक हात पानी वाटाले आले काय? माहं धान तुमचं टिंब खाईन काय?"

लोक हसले. मीही ओशाळून हसलो.

"मले एकच सांगा," हरिभाऊ म्हणाले. "माह्या बापानं नारळ फोडला तो कोनत्या रेषेवर? दीडच्या का तुमच्या एक-पाचच्या?"

"दीडच्या. माझी रेषा नंतरची. तुमच्या वडिलांनी सुकरामच्या गळ्याशी साहेबांचा हात पाहिला आणि मग नारळ फोडला."

हरिभाऊंनी धोतराचा सोगा हातात घेतला, तलावाच्या कोरड्या तळाकडे पाहिलं. त्यांच्या वडिलांच्या शब्दाबद्दल त्या पंचक्रोशीत कुणी कधी वाकडं बोललेलं नव्हतं.

"मंग मी इतके वर्सं बापाचा शब्द मोडून राहिलो, अन् मले मालूम नाही," ते म्हणाले. "दीडवर मारा. पाटाच्या शेवटी हलकं धान लावू. त्याले कार्तिकातलं पानी लागत नाही." आणि आंब्याकडे तोंड करून ओरडले, "सुकराम, तिकडं काय बसला बे? ये इकडं. उभा राह्य, तुही मान दाखव."

सुकराम आला. तुडुमाच्या तळदगडावर उभा राहिला आणि गळ्याला हात लावला. मी टेप लावली. एक मीटर चाळीसही भरेना.

"पाहा," मागून कुणीतरी म्हणालं. "याच्या मानंवर रेषा मारली तं आमचाच फायदा."

"मारून टाका मंग," हरिभाऊ चेष्टेने म्हणाले.

सुकरामने पाठ सरळ करायचा प्रयत्न केला, नाही झाली. तो माझ्याकडे वळला. "माह्या मानंवर नको. खडूनं लिवलं होतं तिथं मार. मानूस वाकते. मीटर कायले वाकीन?"

ज्याला मी एकदा त्याच्या मानेवरून हिणवलं होतं, त्याच्या तोंडून हे ऐकलं. मी टेप पुन्हा तळदगडावर टेकवली. यावेळी मीटरमध्ये मोजलंच नाही. दीडशे सेंटीमीटर मोजले, मग खात्रीसाठी पंधराशे मिलिमीटर मोजले. दोन्ही एकाच जागी आले. सरपंचबाईंनाही मोजायला लावलं, हरिभाऊंनाही. हरिभाऊ म्हणाले, "मले चष्मा नाही," तरी मोजलं. मग रेषा मारली. रेषा सरळ आली. तिच्याशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं: १.५० मी. = १५० सें.मी. शून्य चांगलं ठळक काढलं.

त्याच बैठकीत हँडल पुन्हा सुकरामकडे गेलं. त्याची बायको आता नाही. ती असती तर काय म्हणाली असती, याचा विचार मी घरी जाताना रस्ताभर केला. तेवढं एक माझ्या खाती तसंच राहणार.

या उन्हाळ्यात त्या तलावात डोंगा चालला. वैशाखात पाण्यावर डोंगा पाहायला शेजारच्या गावचे लोक आले. ढिवरांची दोन घरं परत आली आहेत, तिसरं यायचं म्हणतं. रोहू इतका की पाळीवरच बाजार भरला. शेतकऱ्यांचं धानही झालं. हे सगळं चांगलं झालं. पण मला शेवटी सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, गेल्या कार्तिकातलं.

पाणी रेषेला लागत आल्याचा निरोप आला आणि मी गेलो. पाळीवर निम्मं गाव होतं. पाटाखाली धान पिवळं पडायला लागलं होतं. फक्त शेवटच्या एका बांधीत हरिभाऊंनी हट्टाने भारी धान लावलं होतं आणि ते अजून हिरवं होतं. रेषेचा खालचा काठ पाण्याला टेकला, तसा सुकराम उठला.

"सुकराम," हरिभाऊ म्हणाले, "दोन बोटं पानी अजून जाऊ दे न. माही शेवटची बांधी भिजाची हाये."

"तुह्या बापाचा शब्द हाये, हरिभाऊ. माहा असता तं पानी देलं असतं."

लोक हरिभाऊंकडे पाहू लागले. सुकरामने हँडलला हात घातला. झडप नवी, आटे घट्ट. तो जोर लावत होता आणि हँडल जागचं हलत नव्हतं. पाटात पाणी वाहतच होतं. पुढे व्हायला माझा पाय उचलला, पण त्या हँडलला मी एकदा हात लावला होता, म्हणून थांबलो.

हरिभाऊंनी चपला काढल्या. सुकरामला हलकेच बाजूला केलं, धोतर खोचलं आणि हँडल फिरवायला लागले. त्यांची बांधी तिकडे दिसत होती, तिकडे त्यांनी पाठ केली होती. पाटातलं पाणी बारीक होत गेलं. ते थांबले, घाम पुसला.

"झालं?"

सुकराम पाळीवर ओणवा होऊन पाटाच्या तोंडाशी पाहत होता. पाण्याची एक बारीक धार अजून सुटत होती.

"आनखी अर्धा फेरा," तो म्हणाला.

हरिभाऊंनी अर्धा फेरा दिला.